चोविसावा आरा

नाशिक,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रिय संजना,

सप्रेम जय भीम.

महेशराव दर रविवारी फोन करून माझ्या रक्तदाबाची चौकशी करतात, त्यामुळे तुम्ही तिघे ओझरला खुशाल आहात हे मला कळत असते. बोलताना मागे कुकरची शिट्टी होते आणि ते फोन बाजूला धरून, "अगं, गॅस बारीक कर ना," असे कुणाला तरी सांगतात. त्या 'कुणाला तरी'चा आणि माझा साडेसहा महिने संवाद नाही. वीस-बावीस किलोमीटरसाठी टपाल वापरणे हास्यास्पद आहे, हे मान्य. परंतु माझा फोन तू उचलत नाहीस, आणि मोबाईलवर तुटक वाक्यांत मनातले लिहिणे मला अजूनही जमत नाही.

माझी प्रकृती बरी आहे. डावा गुडघा कुरकुरतो. कॉलनीच्या तोंडाशी नवा गतिरोधक केला असून त्याची उंची कोणत्याही नियमात बसत नाही. मी संबंधितांना सविस्तर पत्र लिहिले आहे. तू हसशील. हस.

मुख्य बातमी वेगळीच आहे. आपल्या विहाराच्या सभागृहात बालवाडी भरते, ती तुला आठवत असेल. तिथली शिक्षिका हर्षाली बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि समितीने मला रोज दोन तास येण्याची विनंती केली. चौतीस वर्षे पदवीच्या वर्गांना गणित शिकवलेल्या बाईला तीन ते पाच वर्षांच्या तेवीस मुलांसमोर उभे करणे ही नियोजनातील चूक होती. पण मी होकार दिला. नकाराला देण्यासारखे कारण माझ्याकडे नव्हते आणि घरात फार शांतता आहे.

मदतीला लताबाई असतात. मखमलाबादकडे त्यांचा भाजीचा मळा आहे. पहाटे बाजारात भाजी देऊन त्या थेट इकडे येतात. त्यांच्या पदराला कायम कोथिंबिरीचा वास असतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, "बाई, तुम्ही लय शिकलेल्या म्हणे. मग पोरांचं नाक पुसता येतं का?" मी म्हणाले, येते. ते खरे नव्हते, आता आहे.

पंधरा ऑगस्टसाठी मुलांकडून तिरंगे करून घ्यायचे ठरले. मी रीतसर आराखडा केला. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन, तिन्ही पट्टे समान, केशरी वर. पट्ट्या मीच कापून नेल्या. मुलांनी फक्त चिकटवायच्या होत्या. मधल्या चक्रासाठी कंपास लहान हातांत देता येत नाही, म्हणून लताबाईंनी हातातली बांगडी काढून कागदावर ठेवली आणि म्हणाल्या, "हिच्याकडून काढा गोल. ही टोचत नाय." कल्पना चांगली होती. मला सुचली नव्हती, याची नोंद घे.

चार वर्षांच्या सनीने हिरवी पट्टी वर चिकटवली. मी सांगितले, "सनी, झेंडा उलटा झाला."

"उलटा नाही टीचर, तो झोपलाय."

"झेंडा झोपत नसतो."

"मग उठव ना."

त्या दिवशी घरी येऊन मी तेवीस झेंडे तपासले. अकरा बाद ठरवले. कुणाचे चक्र पांढऱ्या पट्टीबाहेर, कुणाचे आरे सात, कुणाचे पंधरा. ते अकरा मी पुन्हा केले, तीनशे साठ भागिले चोवीस, पंधरा-पंधरा अंशांवर आरे. सकाळी लवकर जाऊन सगळे दोरीला लावले आणि बाद झालेले सभागृहातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून कार्यालयात सही करायला गेले.

सनी आला. दोरीकडे एकदा पाहिले. मला काहीही न विचारता तो सरळ डब्यापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

संजना, ही हालचाल मी याआधी पाहिली होती. तूही पाहिली होतीस.

इथपर्यंत बातम्या होत्या. पुढचे लिहायला मी दोन दिवस घेतले आहेत.

पंचवीस जानेवारीला सृष्टीने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झेंडा केला. मसुराची डाळ, तांदूळ आणि हिरवे मूग, पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले. तांदळाच्या मधोमध निळ्या स्केचपेनाने काढलेले चक्र. त्याला दोन डोळे आणि एक तोंड. खाली कोपऱ्यात 'सृ'. मी सांगितले की ध्वजावर काही लिहायचे नसते. ती म्हणाली, "मग झेंड्याला कसं कळणार, मी केलाय ते?" मी या प्रश्नाला उत्तर दिले नाही, कारण तो मला प्रश्नच वाटला नाही.

दुपारी तुम्ही दोघी झोपलात. मी दुसरा पुठ्ठा घेतला. मूग एकेक करून रांगेत लावले. दोन तास लागले. झेंडा निर्दोष झाला होता, हे मी आजही म्हणेन. ती उठली, तिने तो पाहिला, आणि ती डब्याकडे गेली. मटाराच्या टरफलांखालून तिने आपला झेंडा काढला तेव्हा तू दारात उभी होतीस.

तू विचारलेस, "आई, हा इथे कसा?" मी म्हणाले, टेबलावरून पडला असेल.

तो पडला नव्हता. मी टाकला होता.

जमिनीवर पडलेला कागदी तिरंगा दिसला की वाहतूक थांबवून तो उचलणारी बाई मी. तू लहानपणी माझ्या या सवयीने किती संकोचायचीस! त्याच बाईने आपल्या नातीचा झेंडा टरफलांत टाकला, आणि त्या क्षणी तिच्या मनात काय होते, ते तुला सांगते. जो चुकीचा आहे तो ध्वजच नाही. म्हणून त्याला ध्वजाचे नियम लागू नाहीत. युक्तिवादात एकही पायरी निसटलेली नव्हती. अशा बिनचूक युक्तिवादानेच मी आयुष्यभर वागत आले असावे.

निघताना तू उंबऱ्यावर जे बोललीस ते मला शब्दशः आठवते. "माझा झेंडा तू केलास तेव्हा मला बक्षीस मिळालं, म्हणून मी गप्प बसले. हिला मी गप्प बसायला शिकवणार नाही." मी उत्तर दिले, "अतिशयोक्ती करू नकोस." एवढेच. साडेसहा महिने मी त्या उत्तरावर समाधानी राहण्याचा प्रयत्न केला.

ती अतिशयोक्ती नव्हती. तू पहिलीत होतीस. तुझ्या झेंड्यावरचे आरे तू पेन्सिलीने काढले होतेस आणि ते वाकडे होते. मी तुला दूध प्यायला पाठवले आणि झेंडा नव्याने केला. त्यावर तुला शाळेत पहिले बक्षीस मिळाले. ते प्रमाणपत्र चौकटीत घालून मी बैठकीत लावले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "संजनाचं पहिलं बक्षीस." तू त्या वेळी नेहमी पाणी आणायला आत जायचीस. त्यानंतर तू घरात रंगपेटी उघडल्याचे मला आठवत नाही. मी त्याला अभ्यासातील एकाग्रता म्हणत आले. बक्षीस माझे होते, संजना. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पहिलीच्या मुलांत पहिली आले.

आता सनीकडे येते. त्याचा हात डब्यात रिकामाच फिरत होता. मी कार्यालयात असताना लताबाईंनी ते अकरा झेंडे बाहेर काढून आपल्या भाजीच्या पाटीत ठेवले होते. "ह्यो घे रे तुझा झोपलेला," म्हणत त्यांनी तो सनीला दिला आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. आमच्यात मुळा वाकडा निघाला तर बाजारात नाय नेत. पण टाकत बी नाय. तो घरी खातो."

मी म्हणाले, "मुळ्याची गोष्ट वेगळी."

"व्हय," त्या म्हणाल्या, "मुळा रडत नाय."

दोरीवरचे माझे अकरा झेंडे मी उतरवले. मग आम्ही नवा, मोठा झेंडा करायला घेतला, सगळ्यांचा मिळून एक. केशरी आणि हिरव्या पट्ट्यांवर मुलांनी तळव्यांचे ठसे दिले. चक्राचा गोल लताबाईंच्या ताटलीने काढला. आऱ्यांसाठी मी आईस्क्रीमच्या काड्या मापात कापल्या; काडीची कड निळ्या रंगात बुडवायची आणि टेकवायची, की एक आरा उमटतो. एका मुलाचा एक. ज्याचा आरा जिथे पडेल तिथे राहील, हे मी स्वतःलाच मोठ्याने सांगितले. एक आरा दोघांइतका जाड आहे. दोन आऱ्यांमधला एक कोन एकोणीस अंशांचा आहे. होय, मी मोजला. हात मात्र लावलेला नाही.

तेवीस मुलांचे तेवीस आरे झाले आणि एक जागा उरली.

"एक कमी पडतोय," लताबाई म्हणाल्या. "सनीलाच मारू द्या दुसरा. त्याला लय हौस."

"नको," मी म्हणाले. "ती जागा घेतलेली आहे."

"कुणी?"

"माझ्या नातीने."

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. पुढे साक्षी नावाच्या एका चिमुरडीने माझी तोंडी परीक्षाच घेतली.

"तिचं नाव काय?"

"सृष्टी."

"ती कुठंय?"

"ओझरला. विमानतळाच्या गावी."

"विमानात?"

"नाही गं. घरी."

"मग कधी येणारे?"

चौतीस वर्षांत वर्गातल्या एकाही प्रश्नाला मी दिले नव्हते ते उत्तर मला द्यावे लागले. मी म्हणाले, माहीत नाही. लताबाई रंगाच्या वाट्या विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग बोलवा की. ओझर काय लांब हाय?"

म्हणून हे पत्र.

तू म्हणशील, आईने पुन्हा एक रिकामी चौकट आखली आणि आम्हाला तीत बसायला सांगितले. तसे नाही. गुरुवारी साडेअकराला बालवाडी सुटेपर्यंत तुम्ही आला नाहीत, तर तो आरा सनी उमटवील. त्याला तसे सांगून ठेवले आहे आणि त्याने काडीही निवडली आहे. मुलांचे काम माझ्या चुकीसाठी अडणार नाही. शुक्रवारी झेंडा चोवीस आऱ्यांचाच लागेल. तुम्ही दोघींनी यावे ही माझी इच्छा आहे, अट नाही. अशा फरकाची मला सवय नाही. वाक्य दोनदा खोडून लिहिले.

सृष्टीला एक सांग. तिचा झेंडा माझ्याकडे आहे. तुम्ही जाताना तो टेबलावरच राहिला होता; मी तो पुसला, वाळवला आणि कपाटात ठेवला. थोडे मूग गळाले आहेत. त्यांच्या जागी मी नवे लावलेले नाहीत. जूनमध्ये ते प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवले, तिथे फिकट चौकोन राहिला होता. काल त्या जागी सृष्टीचा झेंडा लावला, डोळ्यांसकट, तोंडासकट, 'सृ'सकट. नियमात बसत नाही. पण भिंत माझी आहे.

आणि तुझ्यासाठी, तुला हवी असेल तरच, एक काडी जास्त कापली आहे. चक्रात पंचविसावी जागा नाही, हे मला कळते. पण कोरे कागद पुष्कळ आहेत.

आलात तर सृष्टीला जुना फ्रॉक घाल. हा निळा रंग धुवून जात नाही.

माझी पत्रे आधी कच्ची लिहिली जातात आणि मग सुवाच्य अक्षरात उतरवली जातात, हे तुला माहीत आहे. तुझ्या वसतिगृहात आलेले माझे एकही पत्र कच्चे नव्हते. हे मी उतरवून काढलेले नाही. उतरवले असते तर 'मी टाकला होता' हे वाक्य पक्क्या प्रतीत आले असते की नाही, याची मला खात्री वाटेना.

खाडाखोडीसह,
तुझी आई