लपायचा सराव

४ एप्रिल, शुक्रवार

नेऱ्यात पोचले. कराडहून निघताना आईनं डोळ्यांना पदर लावला होता, मला मात्र सगळ्या रस्त्यात हसू येत होतं. छत्तिसाव्या वर्षी, एक मोडलेला संसार मागे टाकून पुन्हा कुणाच्या दारात माप ओलांडायचं म्हणजे पोटात गोळा यायला हवा. आला नाही.

घर छान आहे. खाली आम्ही, वर भाड्याच्या खोल्या, त्यांत हिंजवडीत नोकरी करणारी मुलं. मागे थोडी भाताची जमीन शिल्लक आहे. पुढे मारुंजीच्या अंगाला बघावं तिकडे इमारती. सासूबाई, म्हणजे इंदूबाई, रोखठोक आहेत. वाढताना म्हणाल्या, हितं लाजायचं न्हाई, लागंल ते मागून घ्यायचं. प्रदीप एका कंपनीच्या गाड्यांचं काम बघतात. त्यांचा चढलेला आवाज मी अजून ऐकलेला नाही. आधीच्या घरात आरडाओरड्याशिवाय दिवस जात नसे, त्यामुळे इथली शांतता अंगावर शाल घेतल्यासारखी वाटते.

आणि आरोही. आठ वर्षांची, दाराआडून बघणारी. तिची आई काविळीनं गेली, तेव्हा ही चार वर्षांची होती. मला काय हाक मारशील, असं मी विचारलं. बराच विचार करून म्हणाली, नवी आई. मला चालेल.

९ एप्रिल, बुधवार

शेजारच्या शारदाताई भाजी निवडायला येऊन बसतात. आज बोलता बोलता त्यांनी आरोहीला जवळ ओढलं, बाह्या वर करून तिचे दंड बघितले आणि परत खाली केल्या. माझ्यासमोरच. मग माझ्याकडे बघून हसल्या. राग आला नाही. सावत्र आई आल्यावर लोक बघणारच. उलट बरं वाटलं, मुलीवर गावाचं लक्ष आहे.

गावाला दुसरीही काळजी आहे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाइलवर येत आहेत. प्रदीपनी तरुणांचा ग्रुप केलाय, फाटकावर कॅमेरा बसवलाय, संध्याकाळी पाळीपाळीनं गस्त असते. परवा चादरी विकणाऱ्या एका माणसाला पोरांनी अडवून आधार कार्ड मागितलं. लोक प्रदीपना मान देतात. त्यांच्यासोबत दुकानात गेले, तर दुकानदारानं आधी आमचं सामान दिलं.

१३ एप्रिल, रविवार

आज एक गंमत बघितली. प्रदीपचे मित्र जेवायला आले होते. गप्पांत मुलं पळवणाऱ्यांचा विषय निघाला, तेव्हा प्रदीप हलकेच म्हणाले, "आले." आरोही क्षणात नाहीशी झाली. पाटावर होती, आणि नव्हती. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. प्रदीपनी सांगितलं, हा लपायचा सराव आहे. ते बोलावतील तेव्हाच बाहेर यायचं, तोवर श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं.

जेवणं झाली, पानं झाली, पाहुणे गेले, प्रदीप त्यांना सोडायला गेले. आरोहीचं ताट तसंच. मी हाका मारत घर पालथं घातलं. माळ्यावर गोधड्यांच्या मागे सापडली. फ्रॉक ओला झाला होता. बाहेर येईना. शेवटी मी प्रदीपना फोन लावला आणि फोनवरून त्यांनी ये म्हटल्यावर आली.

सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, तिला सवय हाय. पोरगी लई शहाणी हाय, आवाज करत न्हाई.

१९ एप्रिल, शनिवार

आरोहीच्या दंडावर चार निळी बोटं उमटलेली आहेत. विचारलं, तर पडले म्हणाली. बोटांचे वळ पडून उठत नाहीत.

वरच्या खोलीतला साहिल तिला चित्रांचे कागद आणून देतो, कधी चॉकलेट देतो. एकटा मुलगा, परगावचा, दार लोटून बसतो. माझं डोकं तिकडेच गेलं. संध्याकाळी प्रदीपना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, वर गेले, आणि अंधार पडायच्या आत साहिल खोली सोडून गेला. जाताना तो काहीतरी सांगू बघत होता. मी दार लावून घेतलं.

गाव प्रदीपवर आणखी खूश आहे.

२६ एप्रिल, शनिवार

साहिलला जाऊन आठवडा झाला. आज आरोहीची वेणी घालताना मानेवर ताजा वळ दिसला.

वेणी पुरी केली.

तेव्हापासून मी बघतेय. पाणी पिण्याआधी ती विचारते. शाळेला सुट्टी लागली तरी खेळायला जात नाही. प्रदीपची गाडी फाटकात वळली की पळत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारते, त्यांची बॅग घेते, सारखं बाबा बाबा करते. एवढं प्रेम बघून मी आजवर कौतुक करत आले. आज त्या मिठीच्या वेळी तिचा चेहरा माझ्या बाजूला होता. डोळे घट्ट मिटलेले होते.

३० एप्रिल, बुधवार

सासूबाईंकडे विषय काढला. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, बाप हाय त्यो तिचा. जीव हाय म्हनून शिस्त लावतो. बाहेर काय चाललंय बघतीस न्हवं.

मी म्हटलं, मुलगी दुपारभर उपाशी लपून बसते, हे बरं नाही. त्यावर म्हणाल्या, खायाला काय कमी हाय का घरात?

कमी नाही. डबे भरलेले आहेत.

६ मे, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी फाटकाशी खेळणी विकणारी बाई आली होती. आरोही तिच्याशी दोन शब्द बोलली, ते प्रदीपनी ऐकलं. मी मागे कपडे धूत होते. नंतर प्रदीप कामावर गेले, सासूबाई पुढच्या आळीत हळदीला गेल्या. आरोही त्यांच्याबरोबर गेली असणार, असं मी धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरलं.

उन्हं चढल्यावर पाण्याचा टँकर आला. उन्हाळ्यात अंगणातली जमिनीखालची टाकी टँकरनंच भरतात. भिकू ड्रायव्हरनं टाकीचं लोखंडी झाकण उचललं, पाइप आत सोडायला वाकला, आणि मागे कोसळल्यासारखा बसला. मी धावले.

आत आरोही होती. तळाशी पाणी होतं, त्यात पाय सोडून पायरीवर बसलेली, दोन्ही हात तोंडावर दाबलेले. उजेडाकडे बघून डोळे बारीक केले तिनं, पण हात काढले नाहीत. मी हात पुढे केला, तर मान हलवली. बाबांनी ये म्हटलेलं नाही.

भिकूनं खाली उतरून उचलून काढली. अंग बर्फासारखं, मे महिन्यात.

आळी गोळा झाली. शारदाताईंनी तिला पदरात घेतलं. कुणीतरी प्रदीपना बोलावलं, ते गाडी टाकून आले. शारदाताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाळा, कुणी ठेवलं तुला आत?"

आरोहीनं प्रदीपकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"नव्या आईनं."

तिचा आवाज स्वच्छ होता. पाठ केलेल्या कवितेसारखा.

प्रदीपनी सगळ्यांपुढे हात जोडले. म्हणाले, नवीन आहे ती, तिला मुलांची सवय नाही, माझ्याकडे बघून पोटात घाला. बायका डोळे पुसत होत्या. एवढा देवमाणूस आणि पदरात काय पडलं, असं कुणीतरी माझ्या पाठीमागे म्हणालं.

मी खूप बोलले. सगळं सांगितलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जसं साहिलकडे मी बघितलं होतं.

घरात आल्यावर प्रदीपनी दार लावलं. मारलं नाही. आवाज चढवला नाही. खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले, "आता तू कुणालाही काहीही सांग."

७ मे, बुधवार

न्हाणीघरात नळ सोडून १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. पलीकडे एक ताई होत्या. मला वाटलं होतं, त्या विचारतील की तू सावत्र ना. त्यांनी विचारलं, मुलगी आत्ता सुरक्षित आहे का? नाही म्हटलं, आणि टाकीपर्यंतचं सगळं सांगितलं. रडत होते.

म्हणाल्या, घरच्यांच्या देखत मूल खरं सांगेलच असं नसतं. आम्ही तिच्याशी एकटीशी बोलू. शुक्रवारी सकाळी दोघीजणी येतो. तोवर तिच्या जवळ राहा, त्याला जाब विचारू नका.

जवळ राहायचं. बास.

ती जेवते तिथे जेवते मी. ती अंघोळीला गेली की दाराबाहेर बसते. सासूबाई बघतात. त्यांना माहीत आहे — आधीपासून माहीत आहे.

८ मे, गुरुवार, सकाळ

तो कामावर गेला नाही. रजा घेतली म्हणे. चहा पितो, पेपर वाचतो.

माझा फोन मागितला. चार्जिंगला लावतो म्हणाला. कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली.

त्यानं नंबर बघितला असेल, शुक्रवारी दोघी पांढऱ्या गाडीनं येतो हा त्या ताईंचा मेसेजही.

बघितलाच असेल.

८ मे, दुपार

तो फाटकाशी फोनवर बोलत होता, तेवढ्यात आरोहीच्या केसांना तेल लावायला बसले. ती आपणहून बोलली, पुटपुटल्यासारखं, मान न वळवता.

"मी खरं सांगितलं ना, तर ती माणसं मला नेतील. बाबा म्हणाले, बाबा फक्त टाकीत ठेवतात. ती माणसं परत आणत नाहीत."

मी विचारलं, कोणती माणसं?

"अनोळखी. बाई असते. गोड बोलते. एकटीला बाजूला नेते आणि घरातलं विचारते. तेव्हा जोरात ओरडायचं, पळवतायत म्हणून. मग सगळे काका येतात."

माझा हात तिच्या डोक्यावरच राहिला.

उद्या येणाऱ्या त्या दोघी — गोड बोलतील. बाजूला नेतील. घरातलं विचारतील.

तिला सांगितलं, उद्या येणाऱ्या ताया तशा नाहीत. मी बोलावलंय त्यांना. तू त्यांना काहीही सांग, माझं नाव घेतलंस तरी चालेल, फक्त ओरडू नकोस. तिनं ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही. तिला तरी मी कोण — महिन्याभराची. अनोळखीच.

८ मे, संध्याकाळ

सासूबाईंनी मोबाइल वाचायला माझ्यापुढे धरला. चश्मा सापडत न्हाई, काय आलंय बघ जरा.

ग्रुपवरचा मेसेज. दोन बायका, पांढरी गाडी, सरकारी माणसं असल्याचं सांगतात, मुलांना एकटं बाजूला नेतात. आपल्या भागात शुक्रवारी येण्याची खबर. सर्वांनी सावध. खाली प्रदीपचं नाव. त्याखाली हात जोडलेले, मुठी आवळलेल्या, किती जणांच्या ते मी —

वाचून दाखवलं नाही. काही नाही, जाहिरात आहे म्हटलं.

फोन एकदा करू द्या, आई, म्हटलं. पाया पडले. त्या बघत राहिल्या. वाटलं, देतील. हात पुढेसुद्धा आला होता. मग ओसरीवर त्याचं पाऊल वाजलं, आणि त्यांनी मोबाइल कमरेला खोचला.

९ मे, शुक्रवार

खोलीला बाहेरून कडी. सकाळी आरोहीला घेऊन गेला तो. मी धरून ठेवलं होतं. बोटं एकेक सोडवली त्यानं.

दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहितेय. दार ठोकून ठोकून — कुणी येत नाही.

खिडकीतून फाटक दिसतं. गज आहेत. तो उभा आहे पांढऱ्या शर्टात. आरोही त्याच्या पुढ्यात, तिच्या दोन्ही खांद्यांवर त्याचे हात. लांबून बघणाऱ्याला वाटेल —

कोपऱ्यावर गस्तीची पोरं. जास्त आहेत. काठ्या आहेत. धाकटे भाऊ शोभतील अशी, काल ताई म्हणणारी. त्यांची काही चूक — ती मुलांना वाचवायला आली आहेत.

गाडी आली. पांढरी.

दोघी उतरल्या. एक पोक्त, एक अगदी पोरसवदा, खांद्याला पिशवी. ओळखपत्र दाखवतायत. कुणी बघत नाही.

ओरडले मी. त्यांना जा म्हणून ओरडले. शारदाताईंनी मान वळवून बघितलं आणि तोंड फिरवलं.

पोक्त ताई गुडघ्यांवर बसल्या. आरोहीशी बोलतायत. हात पुढे केलाय. तो हसतोय. खांद्यावरचे हात काढले त्यानं, मागे सरकला, जागा दिली —

पोरं पुढे आली.

आरोही त्या हाताकडे बघतेय. आता इकडे, खिडकीकडे. मला बघतेय. मी मान हलवतेय, नको, नको बाळा, नको —

तिनं तोंड उघडलंय. अजून आवाज —