ह्यूस्टन की बोस्टन

शुक्रवार, गुदैबिया

नेहाने आज अमेरिकेतून फोनवर सांगून टाकलं, बोस्टनची नोकरी घेतली. खलास.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. जुफैरच्या हॉटेलची गाडी चालवताना हे प्रत्येक अमेरिकन पॅसेंजरला विचारायचे, तुमचं शहर राहायला कसं? सगळ्यांचं ऐकून लेकीसाठी ह्यूस्टन पक्कं केलं होतं. ऊन इथल्या आखातासारखं, घरं मोठी, आणि मागची खोली आपल्या दोघांना. मागची खोली! जन्म गेला ह्यांच्याबरोबर एका खोलीत, आता तिथेही तेच? उद्या तिला पोरं झाली की सांभाळणार कोण, मीच ना?

जेवणानंतर मी ह्यांच्या गुडघ्यांना मलम चोळत होते. म्हणाले, "बोस्टनही चांगलंच आहे गं. थंडी तेवढी फार."

"तुम्हाला बोलावलंय कुणी?" मी म्हटलं.

ह्यांनी दुसरा गुडघा पुढे केला.

मलमाचा वास अजून हाताला आहे. वाईट वाटायला हवं का? नाही वाटत. कुठलं शहर घेऊ, असं नेहाने आधी मलाच विचारलं होतं. मी एवढंच म्हटलं, बाबांच्या गुडघ्यांना थंडी अजिबात सोसत नाही.

पोरगी हुशार. लगेच समजली.