अनसेलेबल हिरी

बुधवार, ५ मार्च २०२५

आजचा शब्द — अनसेलेबल! विशेषण. अर्थ: विकता न येणारं, ज्याला गिऱ्हाईकच नाही असं. स्पोकन इंग्लिशच्या मॅडम म्हणतात, रोज एक विशेषण घरी न्या, घरातल्या तीन गोष्टींना लावून बघा, मग ते डोक्यातनं जात नाही. हा शब्द शोधावासुद्धा लागला नाही. सकाळी दादानंच गोठ्यात उभं राहून आण्णांच्या तोंडावर फेकला.

झालं असं — दादानं व्यापारी बोलावलेला. दादा एमबीए झाल्यापासून गोठ्यात बूट घालून येतो आणि म्हशी कमी करायच्या म्हणतो. व्यापाऱ्यानं दोन म्हशी पसंत केल्या, मग हिरीच्या कासेला हात लावायला गेला. हिरीनं अशी लाथ घातली की गड्याची टोपी थेट शेणात! टोपी झटकत म्हणतो कसा, "फुकट दिलीसा तरी नगं, पावणं!" दादा आण्णांकडं वळून म्हणाला, "बघा. अनसेलेबल हाय ही." आण्णा हिरीजवळ गेले. तिची मान खाजवत राहिले.

तर तीन गोष्टी. पहिली हिरीच — एक शिंग मोडकं, एक सड बंद, आणि आई नि मी सोडून कुणाला धार काढू देत नाही. दुसरी दादाची सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, दिवाळी पाडव्याच्या शर्यतीत म्हशी जिच्यामागं पळतात ती. तिसरी काही सुचेना. आईला विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझ्या बाला घाल की त्यात. कोण घेतंय त्याला!" आण्णासुद्धा हसले.

गुरुवार, ६ मार्च

क्लासमध्ये आईचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. सगळी खिदळली. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, हा शब्द मालाला लावायचा — शिळा माल, फुटका माल, फॅशन गेलेला माल. माणसाला लावला तर तो अपमान होतो. आणि म्हशीला? त्या म्हणाल्या, म्हशीला चालेल. मला काही ते पटलं नाही. हिरीला पण अपमान कळतो!

शुक्रवार, ७ मार्च

हिरी नाही!!

क्लासहून आले तर तिची जागा रिकामी. शेण अजून ओलं. आण्णा पायरीवर बसलेले. मी म्हटलं, हिरी कुठाय? "इकली." बस्स, एवढंच. मला वाटलं चेष्टा करतायत. कुणाला? "मिळालं गिऱ्हाईक." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी दादावर तुटून पडले. तो तर माझ्याहून गार पडलेला. "आईशप्पत नंदे, मी न्हाय! मलाच आत्ता कळतंय!" खरंच बोलत होता. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. आई पीठ मळत होती. ती फक्त म्हणाली, "जेवून घ्या." जेवण कसलं डोंबलाचं! मी पाचवीत असताना हिरी एवढीशी रेडी होती. तापानं फणफणलेली, तर मी रात्रभर तिच्या अंगावर पोतं धरून बसलेले. आणि आण्णा म्हणतात इकली. भाजी विकल्यासारखं.

शनिवार, ८ मार्च

जिला व्यापारी फुकट घेत नाही, तिला एकच गिऱ्हाईक असतं. सगळ्या गवळी गल्लीला माहीत आहे. ते नाव मला इथं लिहवत नाही.

रविवार, ९ मार्च

आण्णा दर रविवारसारखे जोतिबाला गेले. संध्याकाळी आले, कपाळाला गुलाल, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कसं जातं यांच्या घशाखाली?

दुपारी गोठा झाडायला घेतला. दुसरं काय करू, हात स्वस्थ बसेनात. झाडता झाडता खुंटीकडं लक्ष गेलं आणि झाडू तसाच हातात राहिला.

आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, आपलं सोडून खुंटीला टांगायचं. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. बुधवारी विकलेल्या दोन म्हशींची दावी खुंटीला आहेत. आधीच्यांचीही आहेत. हिरीचं नाही! तिचं तर लांबूनही ओळखू येतं, आण्णांनी स्वतः वळलेलं, लाल चिंध्या घालून. सगळा गोठा उलथापालथा केला. नाहीच.

म्हणजे विकली नाही. आण्णा दारू पिऊन पडले असते तरी विकलेल्या जनावराबरोबर दावं दिलं नसतं. मग मला आत्याच्या लग्नातली गोष्ट आठवली. आजोबांनी आत्याला म्हैस दिली होती, ती दाव्यासकट. दावं जातं ते फक्त लेकीबरोबर, आंदण म्हणून.

पण या घरची लेक मीच की! आणि माझं लग्न कुठं ठरलंय?

सोमवार, १० मार्च

वैरण घेऊन जोतीराम आला. कोडोलीचा आहे. पेंढ्या टाकता टाकता म्हणाला, "हिरी आमच्याकडं कशी काय हो? काल बघितली की. शिंगावरनं वळखली. मळ्याकडच्या गल्लीत, त्या शिवणकाम करणाऱ्या पोरीच्या दारात."

जिवंत आहे! आईला सांगायला धावले होते, पण दारातच थांबले. का थांबले कुणास ठाऊक. दादाला पण बोलले नाही.

मंगळवार, ११ मार्च

ही वही कुणी वाचली तर संपलंच. तरी लिहिते.

क्लासला जाते सांगून स्कूटी काढली ती थेट कोडोली. घर सापडायला वेळ लागला नाही. लांबूनच हिरी ओरडली — मला ओळखून! तिच्या गळ्यात लाल चिंध्यांचं दावं. कास टम्म फुगलेली. समोर माझ्याच वयाची एक मुलगी चरवी घेऊन उभी, ड्रेस शेणानं भरलेला, रडकुंडीला आलेली.

मी भांडायच्याच तयारीनं गेलेले. म्हटलं, "ही म्हैस कुणी दिली तुम्हाला?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "तू नंदिनी न्हवं? आण्णांनी फोटो दाखवलाय."

आण्णांनी! माझ्या आण्णांना ती आण्णा म्हणाली! आणि मग मला ते दिसलं. तेच कपाळ, तीच हनुवटी, डाव्या गालावर तीच खळी. मी रोज आरशात बघते ती. मी हिरीचं शिंग धरून उभी राहिले.

क्रांती नाव तिचं. माझ्याहून एक वर्षानं लहान. आई गेल्या वर्षी गेली. मे महिन्यात लग्न आहे, नवरा नेसरीचा. सगळं तिनं खाली मान घालून सांगितलं, जसं काही चूक तिचीच. आण्णा दर रविवारी येतात. दर रविवारी! जोतिबा वाटेतच पडतो म्हणे, जाता जाता गुलाल लावून घेतात. इतकी वर्षं आम्ही त्या गुलालाच्या पाया पडतोय!

"आण्णा म्हणले दोन दुभत्या, चांगल्या म्हशी देतो. मीच म्हटलं नगं, हिरी द्या. ल्हानपणापासनं हिरीच्याच गोष्टी ऐकलोय. तुमच्या घरातलं मला येवढंच म्हाईत हाय."

मला तिला दोन शिव्या द्यायच्या होत्या. एकही आठवली नाही. बाजारात जिला कुणी फुकट घेत नव्हतं तिच्यासाठी ही बया चार दिवस पेंड-भरड्याचं आंबोण शिजवतेय, लाथा खातेय. नडगी काळीनिळी झालेली. हिच्या हाताला दूध मात्र थेंबभरसुद्धा नाही. शेजारची म्हातारी येऊन, हिरीचे पाय बांधून थोडंफार ओढून काढते तेवढंच. शेवटी ती फुगलेली कास मला बघवेना. चरवी हिसकावून घेतली आणि बसले. हिरीनं लगेच पान्हा सोडला. क्रांती शेजारी उकिडवी बसून माझ्या बोटांकडं बघत होती. मग तिला बसवलं, तर पुन्हा लाथ!

निघताना ती एवढंच म्हणाली, "परत येशीला?" मी स्कूटी चालू केली.

बुधवार, १२ मार्च

आण्णांकडं बघवत नाही. समोर आले की मी उठून जाते. त्यांना कळलंय मला कळलंय. पण त्यांचं मला काही पडलेलं नाही! भीती आईची आहे. तिला कळलं तर ती मोडून पडेल. चोवीस वर्षं पहाटे उठून या माणसाच्या म्हशींचं शेण काढतेय ती, तिची बोटं वाकडी झाली धारा काढून. रविवारी जाताना त्याच्या हातात नारळ पण तीच देते!

ठरलं. मेले तरी आईला सांगणार नाही. दादाला पण नाही. तो आधी आण्णांची गचांडी धरेल आणि मग सगळ्या गल्लीला कळेल. कोडोलीला परत जाणार नाही. हिरी गेली ती गेली.

आजचा शब्द घेतला नाही.

गुरुवार, १३ मार्च

होळी. पोळ्या लाटता लाटता आई खालच्या आवाजात म्हणाली, "मंगळवारी कोडोलीला गेलतीस न्हवं? हिरी दूध देती का त्या पोरीला?" माझ्या हातातनं पोळी गळून पडली. मान हलवून नाही म्हटलं. आई लाटणं ठेवून उठली, दोरीवरची तिची धारा काढायची जुनी हिरवी साडी घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "ही गुंडाळून बस म्हणावं. माझा वास आला की पान्हा सोडील."