घोरण्याचं कौतुक

कोल्हार,
२० मे २०२६

चि. सौ. रेश्मास आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गाय व्याली, कालवड झाली. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहिते आहे.

अधिक महिना लागला. हर्षलरावांना घेऊन धोंड्याला ये. "तू आग्रह करशील, आम्ही येणार नाही," म्हणालीस, तरी बोलावते आहे. माझ्या हाताला चव आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, मी कशाला लपवू? मागच्या अधिकात जावयांनी अकरा धोंडे खाल्ले, वर वाटीभर तूप, आणि ओसरीवर असे घोरले की शेजारची रतनबाई येऊन म्हणाली, "जावयाला जेवन लई मानवलं, गोजरबाई." माझी छाती फुगली. तेवढ्यात तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आई, कौतुक नको करू. वजन वाढलंय त्यांचं, झोपंत दम अडकतोय. बीपी तपासाया पायजे." मी सहा महिने तुझ्याशी धड बोलले नाही.

तुझंच खरं निघालं. वरचं बीपी एकशे सत्तर. तू मीठ-तेल कमी केलंस, रोज चालायला लावलंस, सोळा किलो उतरवलेस. गेल्या महिन्यात रतनबाईच्या सविताच्या लग्नात ते म्हणाले, "मामी, घोरनं कमी झालं, डॉक्टरनं गोळीबी अर्धी केली." माझ्या लेकीनं नवरा राखला, असं मी मांडवभर सांगत सुटले.

खरं तर जेवणाला नाव ठेवलंस म्हणून मी रुसले नव्हते. तुझे अण्णा गेले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, काही दुखणं नव्हतं. ते खोटं आहे. दोन वर्षं आधी डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या, वजन उतरवा म्हणाले होते. मीच म्हणाले, एवढा धडधाकट गडी, गोळ्या कशाला? झोपेत त्यांचा श्वास थांबायचा. मी कोपरानं ढोसायचे. परत घोरायला लागले की हायसं वाटायचं.

भीती वाटायची गं. पण माझ्या हातचं खाऊन माणूस आजारी पडेल, हे मला कबूल करवत नव्हतं. तू एका दुपारी बोललीस ते मला उभ्या संसारात बोलता आलं नाही. पोरी, तुझा फार अभिमान वाटतो.

रीतीप्रमाणे तेहतीस धोंडे करीन. हर्षलरावांच्या ताटात किती, ते तू ठरव. वाढायलाही तूच बस.

हे वाचून माझा राग येईल. तो इथं येऊन काढ.

अण्णांच्या वेळी गप्प बसलेली,
तुझी आई