इंचभर जास्त बाही

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. उभ्याउभ्या खाऊ नका.

दाराआड निळा शर्ट टांगलाय, त्याला हात लावू नका. गिऱ्हाइकाच्या मुलाचा शिवायला घेतला होता. त्याचं माप समोर होतं, तरी हात आपल्या बाळाच्याच मापाने चालला. शेवटचं बटण लावताना ध्यानात आलं. वर बाही इंचभर जास्त कापलीय. तो गेल्यापासूनच्या दोन वर्षांत तेवढा वाढला असताच ना!

मग मात्र माझी मलाच भीती वाटली. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या समुपदेशनवाल्या बाईंकडे निघालेय. हो, "मला काय वेड लागलंय?" असं मीच म्हणाले होते. हसायचं तर हसा. पण तुमचं तरी कुठं धड चाललंय? घरात आलात की तुम्ही टीव्ही मोठा करता, मी मशीन चालवते. एकमेकांचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून हा सगळा गोंगाट, हे काय मला कळत नाही?

बाईंनी फोनवर विचारलं, मुलाचं नाव काय? तो गेल्यापासून या घरात ते नाव आपण दोघांनीही घेतलेलं नाही. नाव न सांगताच कशीबशी वेळ ठरवली आणि फोन ठेवून दिला.

चौकातल्या दवाखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. कपडे बदलत बसू नका, आहात तसे या. तुम्ही येईपर्यंत मी बाहेर बाकावरच बसून राहीन.

नाव तुम्ही सांगा. मला ऐकायचंय.