गोकुळचा हात

१२ मे

‘धामणगावच्या बायांनो! तुमच्या नवऱ्याचं तोंड घास घेण्याइतकंही उघडत नाही, म्हणून तुम्ही भाकर दुधात कुस्करून देता — आणि संध्याकाळी त्याच माणसाची पुडी दुकानातून तुम्हीच आणता!’

एकतीस तारखेच्या सभेची सुरुवात हीच. तंबाखूविरोधी दिवस आहे, भोंगा लावणार आहेत. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज अजून खणखणीत आहे.

पण बायांना कोणत्या तोंडाने सांगते मी! माझ्या पाठच्या भावाच्या तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी गोकुळच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा मला बॅटरी लावून दाखवला. म्हणाले, आत्ता सुटली तर कदाचित इथेच थांबेल. जूनमध्ये पुन्हा बघू. वाढला असेल तर गाल कापावा लागेल.

गोकुळने माझ्या सभांत हात वर करून शपथ किती वेळा घेतली, आठवत नाही. दरवेळी पहिल्या रांगेत. दरवेळी टाळ्या. आणि दरवेळी सभा संपायच्या आत चंची बाहेर.

१४ मे

आरोग्य केंद्रातून सारिका आली. व्यसन सोडवणारी समुपदेशक. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. मी शपथेची तयारी करून ठेवली होती — समई, फुलं. ती म्हणाली, शपथ नको!

तिने गोकुळला एवढंच विचारलं, हात चंचीकडे जातो तेव्हा तुम्ही कुठे बसलेले असता? शेजारी कोण असतं? त्याच्या आधी काय झालेलं असतं? तो लाजत लाजत सांगत गेला. चहा झाला की. जेवण झालं की. ओट्यावर निवृत्ती येऊन टेकला की. (निवृत्ती म्हणजे शेजारी. दोघांची एक चंची, एक चुन्याची डबी.)

मग तिने ठरवून दिलं. चहा ओट्यावर नाही, मागच्या अंगणात, उभ्याने. जेवल्यावर लगेच चूळ आणि मळ्याकडे फेरी. चंचीत भाजलेली बडीशेप नि ओवा. तलफ आली की पाण्याचे घोट घेत राहायचं, ती फार वेळ टिकत नाही.

माझं डोकं फिरलं. निश्चयाच्या बळावर माणसांनी राज्यं उलथवली, हे मी आयुष्यभर वाचलं, शिकवलं, सभांत गर्जून सांगितलं. आणि ही पोरगी माझ्या भावाला उभ्याने चहा प्यायला सांगते!

१८ मे

सुटली!! ओट्यावर निवृत्ती एकटाच माशा मारत बसतो. गोकुळला पाहून म्हणाला, “काय बे, बायकोनं धाक देला का बहिणीनं?” गोकुळ हसला नि फेरीला निघून गेला.

उभ्याने चहा चालतो आहे. मला पटलेलं नाही. पण चालतो आहे.

१९ मे

लिहू की नको. लिहितेच.

दुपारी गोकुळकडे गेले होते. ऊन इतकं, की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. वडिलांचं घर त्याच्याकडे आहे, तोच ओटा, तोच कडुनिंब. सावलीत बसून मी त्याला सभेचं भाषण ऐकवत होते. त्याची बायको पुष्पांजली उंबऱ्यात तूर निवडत होती.

गोकुळचा डावा तळहात मांडीवर उघडला. उजव्या हाताने त्यावर चिमूट सोडली. काहीच नसलेली चिमूट. नखाने चुना काढल्यासारखं केलं. मग अंगठा मळू लागला. सावकाश, नीट. मग थाप-थाप-थाप. रिकाम्या हातावरचा तो आवाज! आणि मग चिमूट उचलून त्याने तोंडाकडे नाही नेली. उजवीकडे धरली. बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. तिथे कोणी नव्हतं. भिंत होती.

त्या भिंतीला टेकून आमचे वडील बसायचे.

सगळा वेळ गोकुळ माझ्याकडे बघत होता, मान डोलवत होता. मी म्हटलं, हे काय करतोस? त्याने हाताकडे पाहिलं, जसं दुसऱ्याचं काही त्याच्या मांडीवर कोणी ठेवून गेलं असावं. “मले नाही मालूम, अक्का. हात त मांडीवरच होता माहा.”

थापेसरशी निंबावरून एक कावळा ओट्याच्या कडेला उतरला होता. तो बराच वेळ गेला नाही.

२१ मे

रोज दुपारी. मी गेले की थोड्या वेळात सुरू. पुष्पांजली म्हणते सकाळी नाही, रात्री नाही, फक्त दुपारी. वडिलांची तंबाखूची वेळ दुपारचीच.

आज तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, “दहाव्याले पिंडापाशी मामाजीची चंची ठेवू देली नाही तुम्ही. कावळा शिवला नाही. मामाजी उपाशी गेले, अक्का. आता लेकाच्या हातानं मागून राह्यले.”

खरं आहे, ठेवू दिली नव्हती. वडिलांना तंबाखूनेच नेलं, आणि त्यांच्या पिंडाला तंबाखू? नदीवर सगळा गाव ताटकळला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी तिथेही भाषण केलं होतं.

तिला मी भूत म्हणजे काय, मन म्हणजे काय, सगळं समजावलं. बोलता बोलता बाहेर पाहिलं. गोकुळचा हात चालू होता.

२४ मे

घसा पार बसला. सभेचा सराव जास्त झाला. दुपारभर ओट्यावर नुसती बसून राहिले. गोकुळ दोरी वळत होता. हात एकदाही भरकटला नाही! कावळाही नाही. वडिलांनी सोडलं बहुतेक.

काय लिहून गेले मी! ‘वडिलांनी सोडलं’! मी!

२६ मे

मेहकर. दोन दिवस तिथल्या महिला मेळाव्यासाठी जाऊन आले. आवाज परत आला, सभा जोरात झाली. संध्याकाळी तिथून गोकुळच्या घरी फोन केला. पुष्पांजलीने स्पीकर लावला, मी गोकुळशी मेळाव्याबद्दल भरभरून बोलले. तो हं हं करत होता. मग मला ते ऐकू आलं. फोनमधून. थाप-थाप-थाप.

ती दुपार नव्हती.

परतीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरचा माणूस तंबाखू मळत होता. मी काही बोलले नाही. पहिल्यांदाच.

२८ मे

पुष्पांजलीने वडिलांची जुनी चंची शोधून, तंबाखू भरून, ओट्याच्या भिंतीपाशी ठेवली. कावळ्यासाठी. मी पाहिली. उचलली नाही. हे कुठल्याही व्यासपीठावर सांगता येणार नाही, म्हणून इथे.

कावळा आला, चोच न लावता उडाला. दुपारी मी गोकुळला धीर देत होते, म्हटलं आता काही होणार नाही. हात सुरू झाला.

चंची मी उकिरड्यावर फेकून दिली.

३१ मे



सकाळची सभा. ग्रामपंचायतीपुढे मंडप, बाया डावीकडे, माणसं उजवीकडे. पहिल्या रांगेत गोकुळ, त्याच्या उजव्या अंगाला निवृत्ती, आणि आमच्या ओट्यावरची जुनी मंडळी. सरपंचांनी ‘जयमालाबाई’ म्हणून पुकारलं, मी माइक हातात घेतला. ‘धामणगावच्या बायांनो!’ भोंग्यातून आवाज निंबापर्यंत गेला असेल.

गोकुळचा तळहात उघडला. रिकामाच. मळत मळत, थाप देऊन, चिमूट उजवीकडे गेली. आज तिथे माणूस होता. निवृत्ती हसला, “नुसत्या हवेची देतं का बे?” म्हणाला, आणि सवयीने आपली खरी तंबाखू गोकुळच्या तळहातावर ओतली. अंगठा थांबलाच नाही. गोकुळ माझ्याकडेच बघत होता. डोळे निवांत, लहानपणासारखे.

मग रांगेतल्या म्हाताऱ्यांचे हात दिसले. एकेकाचा तळहात उघडा. काहींच्या हातात तंबाखू, काहींच्या नाही. सगळे मळत होते. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

मी वाक्याच्या मध्येच थांबले. हात थांबले. गोकुळची चिमूट ओठांशी होती, तिथेच थांबली.

मी ओरडले, “गोकुळ, टाक ते!”

चिमूट तोंडात गेली.

१ जून

सकाळी सारिकाने गोकुळला पहिल्या दिवसाचाच प्रश्न विचारला, त्याच्या आधी काय झालेलं असतं? तो खाली मान घालून म्हणाला, “अक्का बोलाले लागली का.”

वडिलांना वाचता येत नव्हतं. रोज दुपारी ओट्यावर मी त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायची. गल्लीतले सगळे ऐकायला बसायचे, मळत. एवढासा गोकुळ वडिलांच्या डावीकडे बसून त्यांची तंबाखू मळून द्यायचा. मी कधी पेपरातून मान वर केली नाही.

जयमाला, दुपार झाली. जा, त्याच्याजवळ बस. तोंड उघडू नको.