काळ्या मेंदीच्या खाली

३ फेब्रु., मंगळ

रेखाताईंनी अखेर पार्लरच्या दारावर फोटो लावला. बालायाज. खाली मी मार्करनं लिहिलं : फॉइल नाही, टोपी नाही, केस ब्रशनं हातानं रंगवून मिळतील, उन्हानं झाल्यासारखे दिसतील. पार्लर ताईंचं, पुण्यात वर्षभर शिकून आलेला कारागीर मी. (बापानं गावात, तलवाड्याला, सांगितलंय, पोरगं बीडला कॉम्प्युटरवर हाय.)

दुपारी चौसाळ्याच्या एक मावशी भुवया करायला आल्या. फोटोकडं बघतच बसल्या. म्हणाल्या, "आमच्या सुनंचे कापूस वेचून वेचून असेच झालेत. तिचाच फोटो लावायचा की." ताई पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. मावशी बरोबर बोलल्या. असे केस मी दोन वर्षं रोज बघितलेत.

५ फेब्रु., गुरु

गिऱ्हाईक नाही. ताईंच्या केसांवर हात बसवतोय.

पुण्यात सर म्हणायचे, मनात एक डोकं धरा, त्याच्यावर ऊन कुठं पडेल तिथं ब्रश टेकवा. बाकीच्यांनी कुठल्या कुठल्या मॉडेल धरल्या. मी अ. धरली. अश्विनी. बीएस्सीला माझ्या बॅचला होती, लिंबागणेशहून एस्टीनं यायची. वेणीचं टोक गुळासारखं, कानाजवळच्या बटा त्याहून फिक्या. शेतातलं ऊन, बोअरचं खारं पाणी. पहिल्या बेंचवर बसायची अन् साडेदहाला खिडकीतून ऊन थेट तिच्या वेणीवर यायचं. केमिस्ट्री मला एवढीच आठवते. दोन वर्षांत बोललो किती, तर प्रॅक्टिकलची वही मागण्यापुरतं.

पोरं तिला भुरी म्हणायची. सेकंड इयरला एकानं जिन्यात मोठ्यानं म्हटलं, ती समोरून येत असताना. मी त्याचा दात पाडला. कॉलेजनं माफीनामा लिही म्हटलं. लिहिला नाही. बॅग उचलली अन् निघालो, परत गेलोच नाही. आजही तो जिना आठवला की छाती रुंद होते. आयुष्यात एक तरी काम नीट केलं.

१४ फेब्रु., शनि

सगळं घालवलं.

अकराला बुकिंगची बाई आली. पुण्याची, प्राजक्ता नाव. भावाचं लग्न वैशाखात, होणाऱ्या भावजयीला बालायाज करून हवं होतं. "नॅचरल दिसलं पाहिजे हं." भावजय मागून आली. अ.

मी म्हणालो, मॅडम बसा. तीही अनोळख्यासारखी बसली. केस काळेकुळकुळीत. वाटलं, वयानं होत असतील. (गाढव.) विचारलं, आधी काही लावलंय का. "न्हाई," म्हणाली. मानेजवळची एक बारीक बट कापून आधी ब्लीचच्या पावडरीत भिजवून बघायची असते, वीस मिनिटं. नाही बघितली. तिचे केस मला पाठ आहेत या गुर्मीत.

मागची बट धरली, ब्रश फिरवला. पाच मिनिटांत बट हाताला गरम लागायला लागली. मग वाफ. पळत धुतली तर हिरवट झालेली, अर्धी माझ्या हातात आली. काळी मेंदी. बाजारातली, सुटी, धातूचे क्षार घातलेली, ब्लीच लागलं की तापते. आपल्याकडं निम्म्या डोक्यांत असते अन् एक बाई कबूल करत नाही.

भाजलं असतं तर? या भीतीनंच डोकं फिरलं. ओरडलो, "मेंदी लावतीस अन् खोटं कावून बोलतीस?" मॅडमवरून एकेरीवर कधी आलो कळलंच नाही.

प्राजक्ता आरशातून तिच्याकडं बघत होती. मग हळू आवाजात, "पांढरे झालेत का गं तुझे?"

अ.नं ओल्या केसांवर ओढणी घेतली अन् उठली.

१६ फेब्रु., सोम

दुकान बंद. ताईंचा फोन आला. प्राजक्तानं त्यांना विचारलंय. तिच्या आईच्या मनात बसलंय की पोरीचे केस अकाली पिकलेत, आणखी काय काय लपवलं असेल. तुमच्या कारागिरानं जवळून बघितलंय, तो काय म्हणतो ते कळवा.

म्हणजे लग्न माझ्या जिभेवर.

खरं लिहितो, वही माझीच आहे. पहिल्यांदा आनंद झाला. मला काही करायचंसुद्धा नाही. नुसतं गप्प बसायचं.

१७ फेब्रु., मंगळ

ताई बँकेत गेलत्या. अ. एकटी आली. दारातच उभी. मी सॉरी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा कुणाला म्हणालो असेन.

"सॉरी राहू दे," म्हणाली. "जिन्यात त्याला मारलंस. दुसऱ्या दिवशी अख्ख्या एस्टीत तेच. कुणासाठी मारलं, तर भुरीसाठी. आठ दिवसांत बाबांच्या कानावर गेलं. बाबा मेंदीचा पुडा घेऊन आले. म्हणले, काळे करून जायचं न्हाईतर घरी बसायचं. मी काळे केले. डिग्री घेतली."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"तुला कुणी सांगितलंतं का मारायला? अन् परवा वरडायला?"

पांढरा केस एक तरी हाय का, एवढंच विचारता आलं. "न्हाई," म्हणाली, "पण माझ्या न्हाईला आता काय किंमत."

गेली. तो जिना मी इतकी वर्षं...

१९ फेब्रु., गुरु

दोन दिवस गप्प राहून बघितलं. सोपं असेल असं वाटलं होतं.

आज ताईंच्या समोर प्राजक्ताला फोन लावला. म्हणालो, पांढरा एक नाही. तिचे जन्मापासूनचे भुरे आहेत, लोक चिडवायचे म्हणून काळे केले. प्राजक्ता म्हणाली, "म्हणजे आम्ही जे करून घ्यायला आलो, ते तिचं आधीच..." अन् थांबली. मग, आईला सांगते. आवाजावरून काही कळलं नाही.

मग विचारलं, "तुम्हाला हे कसं माहीत?"

म्हणालो, एका वर्गात होतो. "अच्छा," म्हणाली अन् फोन ठेवला.

ताईंनी चहा पुढं केला. म्हणाल्या, पी, तोंड बघ कसं झालंय.

२८ फेब्रु., शनि

अ. आली. एकटी. दुपारचे दोन.

ट्यूबखाली केसांचा खरा रंग कळत नाही, त्या दिवशी मला मुळंही काळीच दिसली, म्हणून खुर्ची गॅलरीत उन्हात नेली. तिनं दिवाळीपासून मेंदी थांबवली होती, बालायाजला तेवढं पुरेल असं वाटलं होतं तिला, म्हणून त्या दिवशी न्हाई म्हणाली. भांग पाडत गेलो. मुळाशी दोन बोटं नवे. गुळाचा रंग नाही, अजून शेताचं ऊन कुठं लागलंय. भिजलेल्या मुरमासारखे. सांगितलं तिला. मान हलवली नाही, पण खांदे जरा खाली आले.

"हे काळं काढता येतं का?"

"न्हाई. वाढू द्यायचं, अन् खालून कापत यायचं. दर दोन महिन्याला."

"कमरेपर्यंत यायला?"

"साडेचार वर्षं. जास्तच."

"तवर तू हाइस का इथं?"

हाय म्हणालो. विचार न करता बोलायची खोड एकदा तरी कामाला आली.

तिचे दोन इंच कापले. लग्नाचं ती बोलली नाही, मी विचारलं नाही. निघताना बुकिंगची वही उघडली अन् म्हणालो, एप्रिलचा शेवटचा शनिवार लिहू का. वैशाखच तो, लग्नाचा महिना. दोघांनाही माहीत होतं.

"लिही," म्हणाली. "पेन्सिलीनं लिही."